गल्लीचा शिक्का

हज्जी झन्नूननी शिक्का जेवणाआधी बाहेर काढला, इथेच त्यांचं चुकलं. त्यांच्या बायकोनं, वजीहानं, त्यांना सकाळपासून तीनदा बजावलं होतं, आधी डोल्मा आणि मग शिक्का, कारण पोट भरलेली माणसं निम्म्या आवाजात भांडतात. पण एकतीस वर्षं गल्लीचं मुख्तारपण, म्हणजे सरकारदरबारी गल्लीची साक्ष द्यायचं काम, केलेल्या माणसाला घरात कुणाचं ऐकायची सवय उरलेली नसते. जुम्म्याची नमाज आटोपून ते आले, अंगातल्या कोटासकट बैठकीत मधोमध बसले, आणि आतल्या खिशातला पितळी शिक्का काढून त्यांनी गालिच्यावर ठेवला.

"रविवारी सकाळी कचेरीत नाव द्यायचंय," ते म्हणाले. "मला आता ना ऐकू येत, ना कुणाचे जिने चढवत. माझ्यामागून मुख्तार कोण, ते आजच मिटवून टाका. ज्याच्या मझबत्यावर गल्लीतली जास्त घरं, त्याच्यावर हा शिक्का मारणार. मग मी मुलगा बघणार नाही नि मुलगी बघणार नाही."

थोरल्या मुवफ्फकला हे शेवटचं वाक्य म्हाताऱ्याच्या तोंडून चुकून गेलं असं वाटलं, म्हणून त्यानं ते सोडून दिलं. मझबता म्हणजे घराघरातून सह्या घेतलेला कागद, आणि त्याचा कागद तर तीन आठवडे गल्लीत फिरत होता. ठेवणीतलं जाकीट घालून तो रोज संध्याकाळी सह्यांना बाहेर पडे, हे गल्लीतल्या मांजरांनाही माहीत होतं. त्याच्या बहिणीनं, खौलानंही कागद फिरवला होता. ते मात्र पुरुषांपैकी कुणालाही माहीत नव्हतं आणि बायकांपैकी सगळ्यांना माहीत होतं. तरीही तीन आठवड्यांत ते फुटलं नाही, यावरून लढाईनंतरच्या पाच वर्षांत आमच्या गल्लीत काय काय उलटंपालटं झालं होतं याची कल्पना यावी.

स्वयंपाकघरात रफीदा डोल्म्याच्या पातेल्यावर हात ठेवून उभी होती. कान बैठकीकडे. तिला या घरात सून म्हणून येऊन अकरा वर्षं झाली होती, त्यातली शेवटची पाच नवऱ्याशिवाय. रियाध, या घरातला धाकटा, लढाईच्या शेवटच्या महिन्यात पाण्याला म्हणून गेला तो आलाच नाही. प्रेत नाही, कबर नाही, कागद नाही. तो मेला असा कागद झाल्याशिवाय त्यांच्या मुलीचे, लुजैनचे, जन्माचे कागद होत नव्हते. कारण ती जन्मली लढाईआधी शहर बळकावून बसलेल्या काळ्या झेंडेवाल्यांच्या राज्यात, आणि त्यांनी दिलेल्या दाखल्यांना आता कुणी विचारत नाही. सात वर्षांची पोर शाळेत मागच्या बाकावर नुसती ऐकायला बसायची. पटावर नाव नाही, वही तपासायची नाही, परीक्षा नाही. बाईंनी मागच्याच आठवड्यात सांगितलं होतं की पुढच्या वर्षी ऐकणाऱ्या मुलांना बसू देणार नाहीत.

आणि तो कागद मुख्तारच्या शिक्क्याशिवाय पुढे सरकत नाही. मुख्तार सासरेच होते, पण सासूबाईंनी एकदा अंथरूण धरलं होतं त्या विषयावरून, त्यानंतर हज्जींनी तो विषय ऐकू येत नाही त्यात जमा केला. रफीदानं कुणाला काही म्हटलं नाही. पण आज तिला पातेल्याचा चटका लागत होता तरी हात काढायचं सुचत नव्हतं.

बैठकीत मुवफ्फकनं कागद उलगडला. अठ्ठावन्न सह्या. पहिली खुद्द हज्जींची, जी त्यानं एका सकाळी चहाबरोबर घेतली होती. म्हाताऱ्यानं चष्मा लावला, कानामागची पेन्सिल घेतली आणि एकेका नावावर बोट ठेवायला सुरुवात केली.

"हा नदीपलीकडे राहतो."

"पण घर इथलंच ना, याबा."

"घर कुठंय, ढिगारा आहे." पेन्सिलीनं काट मारली. "हा एर्बिलला. हा... हा मेला ना?"

"मेला नाही, तुर्कस्तानात आहे. सही फोनवर पाठवली त्यानं."

"तुर्कस्तानात आपली गल्ली गेलीय का?" दुसरी काट. "माझ्या शिक्क्याखाली काय लिहिलेलं असतं, मुवफ्फक? सदर माणूस माझ्या हद्दीत राहतो. आजवर मी खोट्यावर शिक्का मारला नाही. निवृत्तीच्या दिवशी मारू?"

काटा पडत गेल्या. मुवफ्फकचं ठेवणीतलं जाकीट त्याला आखूड व्हायला लागलं. तो वाईट माणूस नव्हता, हे सांगून टाकायला हवं. रेशनचं दुकान त्याचं. परतीच्या वर्षी गल्लीत भिंत उभी नव्हती तेव्हा नदीपलीकडून डोक्यावर पोती वाहून त्यानं लोकांना पीठ पोचवलं होतं, आणि रियाधला शोधायला इस्पितळं नि शवागारं पालथी घातली होती ती त्यानंच. फक्त एवढंच, की वडलांनंतर थोरला यापलीकडे त्याच्या डोक्यात कधी दुसरा विचार आला नव्हता, आणि कुणी आणूही दिला नव्हता.

शेवटी राहिली बावीस घरं, हज्जींचं धरून.

"बावीस," मुवफ्फक म्हणाला. "पुष्कळ झाली. समोर कोण आहे?"

खौलानं शाळेच्या पिशवीतून कागद काढला आणि वडलांपुढे ठेवला. बहीणभावाचं मागच्या रमजानपासून बोलणं बंद होतं, त्यामुळे तिनं भावाकडे पाहिलं नाही. दोन्ही हात मांड्यांखाली घालून ती बसली, अगदी ती शिकवते त्या वर्गातल्या मुली बसतात तशी. शेहेचाळीस वर्षांची बाई.

तिची बायकांची एक संघटना आहे, ती कशी जन्मली ते गल्लीला ठाऊक आहे. परत आल्यावर ना गॅस ना भटारखाना, तेव्हा हिनं आणि चार विधवांनी पडक्या घरांच्या विटा गोळा करून एक सामाईक तंदूर घातला. भाकरी भाजता भाजता बोलणं निघालं, बोलता बोलता अर्ज लिहून द्यायचं सुरू झालं. आता नोंदणी झालीय, पाटी लागलीय, पाटीवर लांबलचक नाव आहे, पण सगळे त्यांना तंदूरवाल्याच म्हणतात. मुवफ्फक त्यांना संयुक्त राष्ट्रसंघ म्हणतो.

त्या तंदुराशीच खौलाला शिक्क्याची गरज कळली. हज्जींना ऐकू कमी येतं, आणि त्यांची बैठक चहाच्या दुकानाला लागून. बाई आली की तिला आपली कहाणी ओरडून सांगावी लागे. नवऱ्याला कोण घेऊन गेलं, सासऱ्यानं घराबाहेर का काढलं, दीर रात्री दार का वाजवतो, सगळं ओरडून. बाजूच्या दुकानात फासे थांबत. पुष्कळ बायका दारापर्यंत येऊन परत जात. शेजारच्या गल्लीतला मुख्तार तर बाईला बघताच म्हणे, पुरुष घेऊन ये. आता पुरुष असता तर ती कशाला आली असती?

हज्जींनी कागद वाचला. मग पुन्हा वाचला.

"या सगळ्या बायका आहेत."

"हो याबा. एकवीस. सगळ्या इथंच राहतात, एकही काट पडणार नाही."

मुवफ्फक हसला. खरंखुरं हसला, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा थेट तिच्याशी बोलला. "खौला, अगं मझबत्यावर सही कुटुंबप्रमुखाची लागते. बायकांच्या सह्या घेऊन काय करायचं, शाळेच्या सहलीला परवानगी द्यायचीय?"

"त्या कुटुंबप्रमुखच आहेत."

"कुणी केलं त्यांना प्रमुख?"

"तू केलंस, खूया." भाऊ म्हणून तिनं त्याला कितीतरी दिवसांनी हाक मारली.

भिंतीला टेकून बसलेली सुहैला, मुवफ्फकची बायको, जरा सरळ झाली.

तिला ते चार दिवस आठवत होते, बोटांना तर अजून आठवत होते. परतीच्या वर्षी गोदामातून हुकूम आला होता की मेलेल्या नि बेपत्ता माणसाच्या नावावर चिमूटभर पीठ मिळणार नाही, घरातलं जिवंत माणूस प्रमुख म्हणून कार्डावर चढवा. दुकानापुढे बायकांची रांग लागली. मुवफ्फकला कुणाला रिकाम्या हातानं पाठववत नाही, हा त्याचा गुण. तो आतून ओरडत होता, बायकोचं नाव घाल, बायकोचं घाल आणि मोकळी हो. सुहैला लिहीत होती, तो खाली सही ठोकत होता. बारा वर्षं दुकानातलं सगळं लिखाण तिचंच होतं. पाटीवर मात्र मुवफ्फक झन्नून आणि मुलगे, आणि त्यातला एक मुलगा जर्मनीत, दुसरा झोपलेला.

"ते पिठापुरतं होतं," मुवफ्फक म्हणाला.

"कार्डावर पिठापुरतं असं कुठं लिहिलेलं नाही," खौला म्हणाली. "माझ्याकडे बघू नकोस, कार्डं बघ."

"दाखव मग कार्डं. कुठायत?"

खौला उठली आणि तिनं अंगणाचं दार उघडलं.

अंगण भरलेलं होतं. तासभर त्या तिथे आवाज न करता उभ्या होत्या. आमच्या गल्लीतल्या एकवीस बायकांनी तासभर आवाज केला नाही, हे सांगूनही कुणाला खरं वाटणार नाही. सगळ्यांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशव्यांत जपून ठेवलेली कार्डं. पुढे उम्म सबाह, सत्तरीची, तीन मुलगे गमावलेली, गल्लीतली सगळ्यात तिखट जीभ.

"हज्जी, आत येऊ का," ती ओरडली, "की पुरुष घेऊन येऊ?"

हज्जींना हे पहिल्या झटक्यात ऐकू आलं. ते हसले आणि त्यांनी हात हलवून सगळ्यांना आत घेतलं. चपलांचा ढीग पडला. बैठकीत जागा उरली नाही, बायका भिंतीला लागून, दारात, जिन्याच्या पायऱ्यांवर बसल्या. आता आवाज फुटला तो फुटलाच. कुणी रफीदाच्या मदतीला धावली, कुणी चहा मागितला, कुणी कार्ड उलटंच पुढे केलं. खौलाला हसू आवरत नव्हतं आणि रडूही येत होतं. तिनं आयुष्यात पुष्कळ सभा घेतल्या होत्या, पाहुणे, फलक, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, सगळं. पण वडलांच्या बैठकीत, जिथे ती चहाचा ट्रे घेऊन येण्यापलीकडे कधी आली नव्हती, तिथे या सगळ्या मांडी घालून बसलेल्या ती पहिल्यांदाच बघत होती.

हज्जी एकेक कार्ड डोळ्यांजवळ धरून मोठ्यानं वाचू लागले. कुटुंबप्रमुख अमुक. कुटुंबप्रमुख तमुक. प्रत्येक नाव वाचलं की ती बाई "हजर" म्हणे, आणि बाकीच्या हसत. सातवं आठवं झाल्यावर हसणं थांबलं. आपलं पूर्ण नाव मुख्तारच्या तोंडून असं मोठ्यानं वाचलेलं त्यांच्यापैकी पुष्कळ जणींनी निकाहानंतर पहिल्यांदाच ऐकलं होतं.

एकविसाव्या कार्डाला म्हाताऱ्यानं पेन्सिल ठेवली. "खरी आहेत सगळी. खाली मुवफ्फकची सही आहे."

"अक्षर तर बघा कुणाचं आहे," मुवफ्फक चिडून म्हणाला. "हिचं आहे."

"मग तिला विचारू," उम्म सबाह म्हणाली.

"तिला काय विचारायचं? हात तिचा, शब्द माझे. दुकानात ती माझ्या सांगण्यावाचून ओळ लिहीत नाही."

सुहैलानं मान खाली घातली. ती सकाळी घरातून निघाली तेव्हा नवऱ्याच्या बाजूनं होती. नणंदेचं आणि तिचं कधी पटलंच नव्हतं. खौला शिकलेली, हिला वाटे ती आपल्याला मोजतच नाही. शिवाय मुख्तारची बायको म्हणवून घेणं तिला काही वाईट वाटलं नसतं. ती गप्प बसली असती. तिनं ठरवलंच होतं.

दरम्यान हज्जींनी हिशेब पुरा केला. गल्लीत आज नांदती घरं चव्वेचाळीस. त्यातल्या एका घरातला म्हातारा एक्क्याण्णव सालापासून कशावरच सही करत नाही, तो सोडायचा. खौलाची एकवीस. मुवफ्फकची एकवीस, आणि वर हे घर, ज्याची सही त्यांनी स्वतः केली होती.

"बावीस आणि एकवीस," ते म्हणाले. त्यांनी खौलाकडे पाहिलं नाही. "तोंडातून शब्द गेलाय माझ्या. बेटा, एका घरानं हरलीस."

मुवफ्फकनं श्वास सोडला. स्वयंपाकघराच्या दारात रफीदा चौकट धरून उभी होती. एक घर. आणि तेही हेच घर, जिथे ती पाच वर्षं चूल सांभाळत होती आणि जिथे तिची सही कशालाच लागत नव्हती.

"अम्मू," सुहैला म्हणाली. आवाज इतका बारीक की तिला पुन्हा सांगावं लागलं, आणि सासऱ्यांसाठी ओरडून सांगावं लागलं. "अम्मू, हे घर तुमच्या नावावर नाही."

"काय?"

"हे घर. रेशनला. तुम्ही लढाईत इथं घर राखत राहिलात आणि युम्मा, खौला, रफीदा छावणीत होत्या. तिथं युम्मांचं नाव प्रमुख म्हणून चढलं. परत आल्यावर तुमचं नाव त्यात घातलं, पण प्रमुख कुणी बदललाच नाही. दर महिन्याला मी लिहिते. कुटुंबप्रमुख वजीहा सालेह, माणसं पाच." तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "हे मी तुझ्या सांगण्यावाचून लिहिते. तू कधी विचारलं नाहीस म्हणून."

मग वजीहानं खोलीत जाऊन गादीखालून कार्ड आणलं. हज्जींनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"म्हणजे पाच वर्षं मी बायकोच्या कार्डावर जेवतोय?"

"एकावन्न वर्षं जेवताय, हज्जी," उम्म सबाह म्हणाली. "कागदावर पाच."

जिन्यापर्यंत हसू उसळलं. हज्जींचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यांनाही हसू फुटलं, आणि त्यांनी पेन्सिलीनं आपलीच सही, मुवफ्फकच्या कागदावरची पहिली सही, खोडली. त्यांच्या सगळ्या मुख्तारपणात मी त्यांचं एवढं मोठं काम दुसरं पाहिलं नाही.

आता सगळ्यांचे डोळे वजीहाकडे लागले, आणि हसणं आपोआप विरलं.

सगळ्यांना ठाऊक होतं की वजीहा मुवफ्फकची. थोरल्याला तिनं कायम पदराखाली घातलं होतं. पण तेवढंच कारण नव्हतं. मुवफ्फक गुडघ्यांवर सरकत तिच्याजवळ गेला आणि हळू आवाजात बोलला. खोली इतकी शांत होती की ते दारापर्यंत ऐकू गेलं.

"युम्मा, आपलं बोलणं झालंय. मी तुला शब्द दिलाय. रियाध मेला असं लिहिलेल्या कागदावर या घराचा शिक्का माझ्या हातून कधी पडणार नाही. तू माझ्या डोक्यावर हात ठेवून घेतलीस ती शपथ."

रफीदाला हे पहिल्यांदाच कळत होतं. तिनं चौकट सोडली आणि ती तिथेच खाली बसली. आपण पाच वर्षं ज्या दाराशी थांबलोय ते आतून दोघांनी धरून ठेवलंय, हे तिला आत्ता समजलं. तिला राग यायला हवा होता. पण तिनं सासूच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि राग येईना.

वजीहानं मुलाच्या गालावर हात ठेवला. मग मुलीकडे वळली.

"खौला. शिक्का तुझ्याकडे आला, तर पहिला कशावर मारशील?"

सगळ्यांना वाटलं, हिनं आता खोटं बोलावं. रफीदालाही तेच वाटलं, मनातल्या मनात ती म्हणत होती, खोटं बोल, विहिरीवर मारीन म्हण, शाळेच्या अर्जावर मारीन म्हण, मग बघू. उम्म सबाहनं तर खौलाच्या मांडीला चिमटा काढला.

"रियाधच्या कागदावर, युम्मा," खौला म्हणाली.

"काय लिहिशील त्यात?"

"की तो लढाईच्या शेवटच्या महिन्यात पाणी आणायला गेला. की बरोबरच्या दोघांनी त्याला नदीच्या पायऱ्यांवर पडताना पाहिलं. आणि की त्याला एक मुलगी आहे, लुजैन, ती त्याचीच आहे."

वजीहाच्या डोळ्यांपुढे छावणीतला तो कारकून होता, उन्हानं लाल झालेला, टेबलामागचा. घराचा प्रमुख कोण, त्यानं विचारलं होतं, आणि तिनं मागे वळून पाहिलं होतं. मागे लेक, सून आणि एक रडणारं मूल, दुसरं कुणी नव्हतं. मी, असं ती म्हणाली होती. म्हणताना लाज वाटली होती. त्यानं नाव लिहिलं, तंबू दिला, पाण्याचे डबे दिले, आणि त्या रात्री तिघी मुलाला घेऊन छपराखाली झोपल्या. नंतर परत आल्यावर तिनं तो सगळा काळ गादीखाली सरकवून टाकला होता, कार्डासकट.

आणि परवा लुजैन तिच्या मांडीवर डोकं ठेवून विचारत होती, बीबी, ऐकणारी मुलं मोठी झाल्यावर कोण होतात? झोप, असं म्हणून वजीहानं तिला थोपटलं होतं.

"मुवफ्फक," ती म्हणाली, "तू तुझा शब्द पाळलास. तुझ्यासारखा मुलगा कुणाला मिळत नाही. मी तुला त्या शपथेतून सोडते."

"युम्मा, असं नको. त्याच्यासाठी म्हणून मी..."

"ठाऊक आहे मला. मी त्याला दार उघडं ठेवत होते. आणि ते दार त्याच्याच पोरीच्या अंगावर बंद होत होतं." ती दाराकडे वळली. "रफीदा, इकडे ये. माझ्या शेजारी बस. शाई आणा कुणीतरी."

शाई हज्जींच्या कोटाच्या खिशातच होती. त्यांनी डबी उघडून बायकोपुढे धरली, दोन्ही हातांनी, जशी ते कचेरीतल्या मोठ्या साहेबापुढे धरत. वजीहानं अंगठा टेकवला, खौलाच्या कागदावर बाविसाव्या ओळीत दाबला, आणि उचलायच्या आधी थोडा वेळ तसाच ठेवला. अंगठ्याखाली सुहैलानं नाव लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं, तिनंच पेन मागून घेतलं. मुवफ्फक उठून बाहेर जाईल असं वाटलं होतं. तो उठला खरा, पण जाकीट काढून परत बसला आणि त्यानं हातांनी तोंड झाकलं.

मग अंगणाकडच्या पायऱ्यांवरून पहिली हलहुला उठली, जिभा हलवत काढलेली ललकारी, उंच, लांब. एकीची ऐकून दुसरी, दुसरीची ऐकून दहा जणी. लग्नात, बारशाला, वरातीत करतात ती. खौला दचकून उठली. आईच्या अंगठ्याची शाई वाळली नव्हती, आणि या आनंद करत होत्या. तिनं हात वर करून त्यांना थांबवलं.

वजीहानं तिचा हात खाली ओढला. आमच्याकडे तरण्या मुलाचा जनाजा निघतो तेव्हाही बायका हलहुला करतात, हे तिनं मुलीला सांगायची गरज नव्हती.

"करू दे त्यांना," ती म्हणाली. "रियाधच्या वेळी राहून गेली होती."